सुई आणि गोळी

आमच्या घरात सकाळ दोन औषधांनी सुरू होते. फ्रिजच्या दारातलं आजीचं इन्सुलिन आणि कपाटावरच्या बाटलीतली मम्मीची थायरॉइडची गोळी. दहावीनंतर सायन्सला रामराम ठोकलेली मी, या दोन्हींकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मम्मी सारखी दमलेली असायची. रविवारी मिस्साहून आली की झोपायची. कॉयरच्या सरावाला जाणंही तिने सोडलं. एकदा मी चिडून म्हटलं, “मम्मी, आळस भरलाय तुझ्यात!” ती काहीच बोलली नाही. पुढे रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड कमी निघालं.

गोळी सुरू झाली, पण पंधरा दिवसांत मम्मीने ती बंद केली. म्हणाली, “आजीला सुई टोचली की शुगर लगेच उतरते की गं. मला काय फरकच नाही!” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग बी.एस्सी. करणाऱ्या मावसबहिणीचं पुस्तक मागून आणलं.

त्यात कळलं ते असं. पेशीचं आवरण मेदाचं असतं. इन्सुलिन हे पाण्यात विरघळणारं प्रथिन, म्हणून त्याला या आवरणातून आत शिरता येत नाही. ते बाहेरच्या रिसेप्टरवर बसतं आणि निरोप आत पोहोचतो, जणू दारावरची बेल वाजवल्यासारखा. आत साखरेचे वाहक तयारच असतात. स्नायूंच्या पेशीत ते आवरणापाशी येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. सगळं तयार असल्यामुळे काम मिनिटांत सुरू होतं. इन्सुलिन प्रथिन असल्याने पोटात गेलं तर पचूनच जाईल, म्हणून सुई.

थायरॉइडचं संप्रेरक मेदात विरघळणारं. रक्त पाण्यासारखं, त्यामुळे तिथे ते प्रथिनांचा हात धरून फिरतं. पेशीच्या आवरणातले वाहक त्याला आत घेतात. त्याच्या चार आयोडीनपैकी एक निघतं, मग ते थेट केंद्रकात जातं. तिथल्या रिसेप्टरला जोडून काही जनुकांचं काम वाढवतं, काहींचं कमी करतं. मग नवी प्रथिनं बनायची, पेशीची चाल बदलायची, आणि ते माणसाला जाणवायचं. त्याला आठवडे लागतात. गोळीतलं संप्रेरक रक्तात निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस जातात, त्यामुळे त्याची पातळी हळूहळू स्थिर होते. डॉक्टरांनी पुढची तपासणी सहा आठवड्यांनी का सांगितली होती, ते तेव्हा उमगलं.

हे सगळं मी मम्मीला स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असताना वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे गोळी काम करत होती, मीच थांबले नाही?” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून, उपाशीपोटी, चहाच्या आधी, तिने गोळी पुन्हा सुरू केली.

तीन महिन्यांनी ती कॉयरच्या सरावाला गेली. परत आली तेव्हा गुणगुणत होती.

माझा “आळस” हा शब्द मात्र गोळीसारखा आत गेला असेल का, असं अजून वाटतं. फरक दिसत नाही म्हणजे आत काही होतच नाही, असं मी तिच्याबद्दल ठरवून टाकलं होतं, आणि तिने गोळीबद्दल. सॉरी म्हणायचं राहूनच गेलंय. हा अंक आला की मोबाइलवर तिला पहिला हाच लेख दाखवणार आहे.