बुडबुड्यातली आजी

वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर लोकांसाठी रुक्मिणीचं माहेर, माझ्यासाठी आईचं. दिवाळीत तिथे भाची साबणाचे बुडबुडे उडवत होती, मी फोटो काढत होतो. पहिले चाळीस वाया गेले. फोन बुडबुडा सोडून मागच्या भिंतीवरच फोकस करायचा. मग साबणाच्या पाण्यात ग्लिसरीन घातलं, म्हणजे ते लवकर सुकत नाही. मागे काळं घोंगडं टांगलं, बुडबुडा ओल्या बशीवर बसवला, फोकस लॉक केला.

रंग साबणाचे नसतातच. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून ते उमटतात. वरून पातळ होत पापुद्रा काळा पडला की समजायचं, आता फुटणार.

“काय करून राह्यला रे बाबू?” मागून आजी.

“थांब वं आजी, उजेडात येऊ नको.”

माघात ती गेली. त्या सुट्टीतला तिचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

परवा फोनमध्ये जागा करायला बुडबुडे डिलीट करत होतो. एक झूम केला. बुडबुड्यात सगळं दोनदा दिसतं: पुढच्या बाजूवर सरळ, मागच्या बाजूवर उलटं. माझ्या डोक्यामागे, उंबऱ्यावर, आजी. एकदा सरळ, एकदा उलटी. पदर तोंडाला लावलेला. हसत असावी.