काही वाहनांच्या काचा फुटल्या

गेल्या एकवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलंय याचा हिशेब नाही. "बंदला किरकोळ गालबोट. काही वाहनांच्या काचा फुटल्या." यातला 'किरकोळ' तर बोटं आपोआप टाइप करतात. बातमीत या वाक्याची जागाही ठरलेली, शेवटून दुसरी. शेवटचं वाक्य कायम "पोलिसांनी चोख बंदोबस्त ठेवला होता."

मागच्या महिन्यातल्या बंदला त्या 'काही वाहनां'त माझी वॅगनआर होती.

बंद कशासाठी होता ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे लोक काच विसरतील आणि बाजू घेऊन भांडत बसतील. मागणी रास्त होती एवढं सांगतो. त्या मागणीवर मी स्वतः तीन बातम्या केल्यात.

आदल्या दिवशी सोलापुरात आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा गॉगल दिला, थेंबांचा कागद दिला आणि डोळ्यात धूळ, पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. बंद आहे हे माहीत होतं. पण दवाखान्याच्या गाड्या सोडतात, आणि पुढच्या काचेवर 'प्रेस' लिहिलंय, या दोन गोष्टींच्या जोरावर निघालो. (ते 'प्रेस' आता काढून टाकलंय. मागे लावलं असतं तर उपयोग झाला असता असं बायकोचं म्हणणं.)

गावाच्या अलीकडच्या चौकात टायर जळत होते. पोरांनी गाडी थांबवली, आत वाकून बघितलं, आईचा गॉगल बघितला आणि "जाऊ द्या, पेशंट हाय" म्हणून वाट दिली. अगदी नीट. मी त्यांना हात केला. पन्नासेक फूट पुढे गेलो असेन, आणि फाट्.

गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. आतल्या आरशात मागचं सगळं पांढरं झालं आणि लगेच ते पांढरं खाली सांडलं. डिकीत, सीटवर, आईच्या पाठीवर, पदरात, केसांत काचेचे दाणे. खडीसाखरेसारखे. आई एवढंच म्हणाली, "आरं, काय पडलं रं अंगावर?"

मी थांबलो नाही. पोलीस ठाण्यासमोर गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. गॉगल जागेवर होता. गालाला एक ओरखडा. डोळ्याला हात लावू नको, डोळा चोळू नको, एवढं दहा वेळा सांगून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उजव्या डोळ्यात खुपतंय का, पाणी येतंय का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, थेंब चालू ठेवा, उद्या दाखवा. दुसऱ्या दिवशी दाखवलं. डोळा सुखरूप आहे. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. माझा रात्रभर होता.

काचेचं थोडं सांगायला हवं. पुढची काच दोन पदरी असते, मधे प्लास्टिकचा पातळ थर. दगड बसला तर तिच्यावर कोळ्याचं जाळं उमटतं, पण ती जागा सोडत नाही. मागची काच एकपदरी, टफन्ड. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि लगेच हवेचे झोत मारून गार करतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग ताणलेला राहतो. त्यामुळे तशी ती दणकट, पण एका जागी फुटली की सगळीच फुटते, आणि सुरीसारखे तुकडे न होता दाणे होतात. हे दाणे होणं मुद्दामच केलेलं असतं, माणसं वाचावीत म्हणून. आईच्या गालावर ओरखडाच आला तो त्यामुळे. साधी काच असती तर आज मी वेगळंच काही लिहीत बसलो असतो.

ठाणे अंमलदार ओळखीचे. चहा मागवला. "कुणी ओळखीचं दिसलं का?"

"तोंडाला रुमाल होते. सांगता येत नाही," मी म्हणालो.

सांगता येत होतं. चौकातून निघाल्यावर मी सवयीने आरशात बघितलं होतं. रुमाल बांधलेला एक पोरगा दोन पावलं धावत आला आणि त्याने डाव्या हाताने, मनगट आतून बाहेर झटकत दगड भिरकावला. ती फेक मी दोन वर्षं रोज पहाटे बघितलीय. माझ्याच घरी पेपर टाकायचा तो. सायकल न थांबवता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कुंडीला धक्का न लावता. आता पेपर टाकणं सोडून तो पोलीस भरतीच्या मागे लागलाय. पहाटे शाळेच्या मैदानावर सोळाशे मीटर मारतो. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या शेतात जाते.

नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? नुसत्या काचेपुरता अदखलपात्र गुन्हा होतो. पण बंदच्या गर्दीतलं नाव एकदा कागदावर आलं की जमाव, दगडफेक ही कलमं मागोमाग येतात. भरतीला चारित्र्य पडताळणी असते. ठाण्याच्या बाकावर बसलेली अशी पोरं मी बघितलीत. एका दुपारच्या दगडापायी त्यांची वयोमर्यादा कोर्टाच्या तारखांत उलटून गेली. आणि ज्यांनी बंद पुकारला त्यांची नावं? ती बातमीत असतात, 'यावेळी मान्यवर उपस्थित होते' मध्ये.

रात्री बातमी पाठवली. "अज्ञाताने केलेल्या दगडफेकीत दोन वाहनांच्या काचा फुटल्या. अन्यथा बंद शांततेत." अज्ञात. हा शब्द लिहिताना हात थांबला, खोटं बोलत नाही. पण लिहिला.

दुसरं वाहन म्हणजे टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन मार्केट यार्डातून परतणारा एक छोटा हत्ती. त्याची पुढची काच गेली होती.

रात्री दहाला बंदवाल्या पुढाऱ्यांचा फोन आला. "दादा, चुकून झालं. आपली गाडी आहे हे पोरांना माहीत नव्हतं. काचेचं काय असेल ते सांगा, सकाळी पोच करतो."

आपली गाडी आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे कुणाची आहे समजून मारला होता? मी विचारलं, "टेम्पोवाल्याला फोन केला का?" ते म्हणाले, "कोण टेम्पोवाला?"

दुसऱ्या दिवशी मागे प्लास्टिकचा कागद आणि खाकी चिकटपट्टी लावून काचवाल्याकडे निघालो. कुणावर अशी वेळ आली तर एक सांगतो. मागचं उघडं ठेवून लांब जाऊ नका. गाडी पळते तेव्हा मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. मला वाटलं डोकं टेन्शनने दुखतंय. पुढच्या काचा उतरवल्यावर बरं वाटलं.

काचवाले चाचा या धंद्यात तीस वर्षं आहेत. म्हणाले, "बंद झाला की दोन दिवस मला फुरसत नाही बघा. पण मला बंद नको वाटतो. गिऱ्हाईक रडत येतं." त्यांनी दोन भाव सांगितले. कंपनीची काच फिटिंगसकट सात हजार दोनशे, बिननावाची चार हजार. बिननावाचीच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण नव्हती. चाचा स्वतःच म्हणाले, "ही फुटल्यावर दाणे होतील का भाले होतील ते मी नाही सांगू शकत." काल आईच्या पदरातले दाणे वेचले होते. कंपनीची घेतली. काच पुण्याहून, नाना पेठेतून यायची होती. दोन दिवस लागले.

विम्याचं विचारलं तर एजंटने शाळाच घेतली. माझी पॉलिसी फुल्ल आहे, तिच्यात दंगल, संप, मुद्दाम केलेलं नुकसान हे सगळं बसतं. काचेवर घसाराही कापत नाहीत. पण पहिले हजार रुपये आपले. म्हणजे हातात सहा हजार दोनशे. आणि क्लेम घेतला की पाच वर्षं जपलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस शून्यावर. माझा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी पाचेक हजार. पहिल्या वर्षी अडीच हजार जास्त, दुसऱ्या वर्षी दीड, मग साडेबाराशे, साडेसातशे, अडीचशे. बेरीज केली, सहा हजार अडीचशे. हप्ता दरसाल थोडा उतरतो हे धरलं तरी क्लेम करून फारसं काही सुटत नव्हतं. शिवाय कंपनीला एफआयआर हवा, आणि एफआयआर म्हटलं की परत तोच प्रश्न, कुणाला ओळखलंत का. खिशातून भरले.

टेम्पोवाला तिथेच भेटला. काचवाला एकच म्हटल्यावर भेटणारच. मला "साहेब" म्हणाला, मी त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहानच असेन. त्याचा विमा फक्त थर्ड पार्टीचा. त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या काचेला छदाम नाही. काच साडेचार हजार. दोन दिवस टेम्पो उभा, म्हणजे दोन खेपा गेल्या. एका शेतकऱ्याचा माल सकाळी उचलायचा होता, त्याने दुसरी गाडी लावली, आता पुढच्या वेळीही तीच लावेल. पोलिसांत गेला होतास का विचारलं तर हसला. "पेपरात आलंय की साहेब. दोन गाड्या फुटल्या म्हणून. त्यातली एक मी."

माझंच वाक्य मला वाचून दाखवलं त्याने.

तसं कायद्याने नुकसानभरपाई नाही असं नाही. एसटी फोडली तर सार्वजनिक मालमत्तेचा १९८४ चा कायदा आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या तोडफोडीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यात खासगी मालमत्ताही आहे, दगड मारणाऱ्याबरोबर पुकारणाऱ्यांनाही जबाबदार धरायचं आहे, नुकसान मोजायला क्लेम्स कमिशनर नेमायची सोय आहे. मुंबईतल्या २००३ च्या बंदबद्दल उच्च न्यायालयाने दोन पक्षांना वीस वीस लाखांचा दणकाही दिला होता. पण साडेचार हजारांच्या काचेसाठी छोटा हत्तीवाला कोणत्या कमिशनरकडे जाणार? एसटीच्या फुटलेल्या काचा आम्ही बातमीत मोजून लिहितो, आगाराचा आकडा येतो. खासगी गाड्या 'काही' असतात. कुणाच्या, कोण कुठे निघालं होतं, काच कितीला पडली, हे मी एकवीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे शिकवलं होतं. सहा प्रश्नांतला पहिलाच मी गाळत आलो.

काच बसवताना तिथेच उभा होतो. चाचांनी जुना गोंद तारेने कापला, कडेला नवा काळा गोंद बंदुकीने एका दमात फिरवला, रबरी सक्शनने काच उचलून बसवली आणि वर पट्ट्या लावल्या. म्हणाले, "आज धुवायची नाही. दार आपटायचं नाही, आतली हवा काचेला ढकलते. एक खिडकी जराशी उघडी ठेवा."

पुढाऱ्यांचा माणूस घरी पाकीट देऊन गेला होता. सात हजार. मी परत पाठवलं, हे टेम्पोवाल्याला द्या म्हणून. आठ दिवसांनी त्यांच्या ग्रुपवर फोटो आला, 'आंदोलनात नुकसान झालेल्या बांधवास मदतीचा हात'. टेम्पोवाला, हातात पाकीट, मागे नऊ जण. चाचांकडे चौकशी केली. पाकिटात दोन हजार होते. बाकीची उधारी चाचांच्या वहीत आहे.

यावर मी नीट बातमी केली होती. पण माझ्या गाडीचं आणि त्या अज्ञाताचं तिच्यात नव्हतं. जिल्हा पानावर जागा नव्हती म्हणून ती आली नाही. म्हणून इथे लिहितोय, आणि इथे लिहायचं तर गाळून चालणार नाही. उद्या ठाण्यातून बोलावणं आलं तर जाईन. नाव तिथेही सांगणार नाही. हे बरोबर आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. आईच्या डोळ्यात दाणा गेला असता तरी असंच वागलो असतो का, हे मला रोज रात्री पडतं.

गेल्या रविवारी आईचा गॉगल निघाला. गॅलरीत बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवत होती, फोन नंबरासकट. मधेच म्हणाली, "त्या दिवशी चौकात ते आपलं पेपरवालं पोरगं होतं ना रे? गाडीच्या काचेतनं मला दिसलं. रुमाल बांधला म्हणून काय झालं, दोन वर्षं बघितलंय त्याला."

मी म्हणालो, होतं.

"मग बोलवायचं की त्याला घरी. मला बोलायचंय."

अजून बोलावलेलं नाही. भरतीची मैदानी चाचणी जवळ आलीय, पोरगा रोज पहाटे मैदानावर असतो. परवा मी तिकडून गाडी घेऊन गेलो. तो गोळाफेकीचा सराव करत होता. गाडी बघून थांबला. नवी काच बघत होता की मला, ते लांबून कळलं नाही. डिकीत अजून दाणे सापडतात.