चष्म्यातली मुळशी

यंदा श्रावणातल्या पावसाने आमची मुळशीची सहल बुडवली. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, घरबसल्या पाहा मुळशी!” आणि त्याने आभासी सहलीचा तो भलामोठा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला.

काय सांगू! समोर ताम्हिणीचे धबधबे, मागे वळावे तो हिरवे डोंगर, मान वर करावी तो ढग! आमच्या आजोबांनी जत्रेत सैरबिनीच्या भोकाला डोळा लावून मुंबई पाहिली होती. हा चष्मा म्हणजे त्या सैरबिनीचाच पणतू! पण हर्षाने एक पाऊल पुढे टाकले आणि टीपॉयवर आपटलो. चित्रण करणाऱ्याने कॅमेरा ठेवला तिथेच आपण खिळलेले. मान हवी तिकडे वळवावी, पाय मात्र हलवू नयेत!

शेजारच्या काकूंचे माहेर मुळशीकडचे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनाही हौसेने चष्मा लावला. धरणाचा विस्तीर्ण जलाशय समोर आला, पण काकू मान खाली घालून पाण्याकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या आजोबांचं भाताचं खाचर या पाण्याखाली आहे. ते कुठं दिसतंय यात?”

मी ओशाळलो. मुळशीच्या काठावर मी कितीदा भजी खाल्ली, पण हा प्रश्न मला तिथेही पडला नव्हता. मुंबईला वीज हवी, म्हणून टाटा कंपनीने मुळा नदी अडवली. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे ठरले. गावे आणि खाचरे बुडणार, म्हणून १९२१ साली रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लोक तुरुंगात गेले, धरण झालेच.

पाऊस ओसरल्यावर काकूंना घेऊन आम्ही पौडवरून मुळशीला गेलो. काठावर उभ्या राहून त्यांनी बोट दाखवले, “आजोबा सांगायचे, त्या डोंगराच्या सोंडेखाली.” तिथे पाणीच होते. तरी आम्ही सारे बराच वेळ तिकडे पाहत राहिलो.

भाच्याने काकूंचे बोलणे टिपून घेतले. पुढल्या चित्रणात ते घालणार आहे. जरूर घालावे! ज्यांचे गुडघे चालत नाहीत, ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी चष्म्यातून मुळशी अवश्य पाहावी. फक्त पाणी दिसू लागले की, त्याखाली काय आहे ते सांगणाऱ्या काकूही सोबत असाव्यात.