दोन ओळी आधी

१२ जून. पाऊस अजून आलेला नाही, पण अंधेरीच्या आभाळानं तोंड पाडलंय. मी चहा टाकला, पार्ले-जीचा पुडा फोडला आणि खाकी कव्हर घातलेलं ‘व्यक्ती आणि वल्ली’ कपाटातून काढलं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिथी पंचांगात दुसरीकडे आहे. त्या दिवशी घरी पान वाढतात. मला ते आठवतात ते आज. २००० साली याच तारखेला पु.ल. गेले. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेला तो माणूस अण्णांना शेजारचाच वाटायचा. त्या दिवशी अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी याच पुस्तकातला ‘नारायण’ मोठ्यानं वाचायला घेतला. पुढं दर वर्षी तोच नेम. १९४६ साली पु.ल. आणि सुनीताबाईंचं लग्नही १२ जूनलाच झालेलं. लग्नघरात राबणारा नारायण घराघरांत नेणाऱ्या लेखकाचं स्वतःचं लग्न मात्र नोंदणीचं, बिननारायणाचं! हे सांगताना अण्णांना कोण आनंद!

वाचताना त्यांची एक खोड होती. विनोद दोन ओळी पुढं असायचा आणि हे आधीच हसत सुटायचे. आम्ही कावायचो, “अण्णा, अजून आलं कुठं?” ते डोळे पुसत म्हणायचे, “येतंय, येतंय.” सीमांतपूजनाला वऱ्हाडाला सामोरं जावं, तसे ते येणाऱ्या सुखाला सामोरे जायचे.

लोकलमध्येही तेच. परतीच्या गाडीत डोळे मिटून बसायचे. पार्ल्याच्या कारखान्यातून भाजत्या बिस्किटांचा वास डब्यात शिरला, की डोळे न उघडताच पिशवी उचलायचे. पुढचं स्टेशन आपलं. १९२९ सालचा तो कारखाना २०१६मध्ये बंद झाला. अण्णाही त्यानंतर फार थांबले नाहीत. आता पार्लं येतं नि जातं, आणि अंधेरी एकदम समोर उभी राहते.

पुस्तकात खुणेला त्यांचा लोकलचा जुना पास आहे. पाठ असलेल्या पुस्तकात खूण कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं. बिस्कीट चहात जरा जास्त राहिलं, तुटलं. तळाचा गाळ चमच्यानं खाल्ला. तीही त्यांचीच सवय.

लेक शेजारी येऊन बसली. खिडकीतून ओल्या मातीचा वास आला. पाऊस अजून लांबच होता. मी वाचू लागले. पान उलटलं आणि मला हसू फुटलं. तिनं पुस्तकात डोकावून पाहिलं.

“आई, अजून आलं कुठं?”

“येतंय,” मी डोळे पुसत म्हटलं, “येतंय.”