कोल्हापूरला स्थळ बघायला

"मुलगी द्यायची असती तर चार माणसं जाऊन घर बघून आला असता की नाही? मग मुलाला पाठवायचं तर कुणी बघायला नको?" धाकट्या बहिणीच्या या प्रश्नावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी अर्धा किलो कुंदा पिशवीत घालून मी बेळगावच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत बसलो.

विषय भाच्याचा होता. तो एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांशी आणि अज्जीशी कानडी बोलतो, आईशी आणि माझ्याशी मराठी. चेंडूला मात्र दोन्हीकडे चेंडूच म्हणतात, त्यामुळे तिथं त्याची कधी अडचण झाली नाही. फुटबॉलमध्ये तो मधल्या फळीत खेळतो. उंची बेताची, अंगानं काडी. पण चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून मागं कोण आहे हे बघून घेतो आणि दोन बचावपटूंच्या मधून असा पास काढतो, की तिथं वाट होती हे आपल्याला नंतर कळतं.

दिवाळीत तो बेळगावच्या एका संघातून गडहिंग्लजला खेळायला गेला होता. गडहिंग्लज तालुक्याचं गाव असलं तरी तिथलं फुटबॉलचं वेड मोठं. दिवाळीच्या स्पर्धांना लांबलांबचे संघ येतात आणि कोल्हापूरचे जाणते लोकही खेळाडू हेरायला येऊन बसतात. तिथं एका पेठेतल्या तालमीच्या लोकांनी आमच्या पोराला बघितलं. महिन्याभरात घरी फोन आला : पुढच्या सीझनला आमच्याकडून नोंदवूया, राहायची-जेवायची सोय करतो, मानधन देतो.

घरात तीन मतं झाली. मेहुणे म्हणाले, "मोदलु डिप्लोमा मुगीली." अज्जी म्हणाली, "हुडुगा होगली बिडु." बहीण काहीच म्हणाली नाही, तिनं मला गाडीत बसवलं.

बेळगाव-कोल्हापूर हा काही परदेशचा प्रवास नव्हे. हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळी, मग दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल. लग्नं, बारसी, अंबाबाईचं दर्शन, दवाखाना, सगळ्यासाठी आपण हाच रस्ता धरतो. पुलाच्या अलीकडं पाट्या कानडी, पलीकडं मराठी. शेतातला ऊस दोन्हीकडं सारखाच. तरी बहिणीची धास्ती मला समजत होती. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर वातावरण तापलं तेव्हा दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या होत्या. तसं पुन्हा झालं आणि पोरगं पाय मोडून पलीकडं पडलं तर?

कोल्हापुरातला फुटबॉल मी ऐकून होतो, पण समोर बसून कधी बघितला नव्हता. आपल्याकडं क्लब म्हटलं की चार मित्र आणि एक जर्सी. तिथं क्लब म्हणजे पेठ. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या शाळकरी मुलाला पाढ्यासारखी येतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, गल्लोगल्ली तालमी होत्याच. पुढं त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ मैदानात उतरले. त्यामुळं हरणं-जिंकणं अकरा जणांचं राहत नाही, ते सबंध पेठेचं होतं. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या वरिष्ठ गटाच्या लीगला असे सोळा संघ खेळतात. दिवाळीच्या आगेमागे खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की कोण कुठल्या पेठेत गेलं याची चर्चा चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत चालते.

दुपारी शाहू स्टेडियमवर पोचलो. बाहेर पोलिसांची गाडी, आत हलगी. ऊन मी म्हणत होतं, तरी गॅलरी भरत चालली होती. मी मुद्दाम भाच्याला मागणी घालणाऱ्या पेठेच्या समर्थकांत जाऊन बसलो. कोण, कुठला, काही सांगितलं नाही. स्थळ बघायला गेलेला माणूस आधी शेजाऱ्यांकडं चौकशी करतो, तसंच.

माझ्या डावीकडं रिक्षा चालवणारा एक गडी, उजवीकडं गुजरीत सोन्याचं काम करणारा तरुण आणि पुढच्या पायरीवर सत्तरी ओलांडलेले एक आण्णा. आण्णा एके काळी खेळलेले, हे त्यांच्या गुडघ्याकडं बघूनच कळत होतं.

पहिला हाफ वाईट गेला. मागून उंच चेंडू मारायचा आणि पुढं दोघांनी पळायचं, एवढाच खेळ. मध्यंतराला रिक्षावाला भडकला. "मधी कोण हायच न्हाई आपल्याकडं! बॉल येतोय, डोक्यावरनं जातोय!"

"पुढच्या सीझनला बेळगावचं ते पोरगं आणणार हायत म्हणं," सोनारकाम करणारा म्हणाला. "गडहिंग्लजला बघितलं मी. काय पास काढतंय भावा! नाद खुळा."

माझ्या छातीत धस्स झालं. आपल्या घरातल्या पोराबद्दल अनोळखी माणसं भर गॅलरीत बोलताहेत, आणि आपण शेंगा सोलत बसायचं!

"मीबी बघितलंय," रिक्षावाला म्हणाला. "काडीपैलवान हाय. हितं एक खांदा बसला की आठ दिवस झोपंल. त्यापरीस परदेशी गडी आणा एखादा."

"परदेशी आणून बघितले की सगळ्यांनी. गोल मारतात आणि जातात. आपल्याला गोल करून देणारा पाहिजे. तो गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस कुठं मोठा धिप्पाड हाय? सात सीझन एफसी गोवाला खेळला आणि २०२४ ला मुंबई सिटीनं नेला. लहानपणी आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन शिकला तो. बेळगाव-कोल्हापूर काय घेऊन बसलाय!"

"मडगावचा पोरगा गोव्यासाठी खेळला, तर जीव लावणारच. ह्याला आपल्या पेठेचं काय? उद्या दुसऱ्या पेठेनं जास्त दिले की चालला."

"मग आपलं अनिकेत जाधव कुठं पेठेत बसून राहिलं? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला दिल्लीत खेळलं भारताकडनं. तेव्हा आख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं का न्हाई?"

दोघं हातघाईवर येतात की काय असं वाटेपर्यंत आण्णा मागं वळले. "पोरगं चांगलं हाय का वाईट, ते सोडा. आपल्याकडं आलं तर त्याचा पास घ्यायला पळणार कोण?" दोघंही गप्प झाले. आण्णा मैदानाकडं बोट करून म्हणाले, "त्यो बॉल मोकळ्या जागेत टाकणार. आपली पोरं पायात मागणार. मग बॉल बाहेर जाणार आणि गॅलरी कुणाला शिव्या घालणार? पास देणाऱ्याला. जो पळालाच न्हाई, त्याला कोण काय म्हणत न्हाई."

सामना बरोबरीत सुटला. माझ्या पिशवीतला कुंद्याचा पुडा आण्णांना दिसला होता. "बेळगावचे काय? चला, दूध पिऊया."

गंगावेशीतला दूधकट्टा तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. म्हशी तिथं आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. संध्याकाळी त्या गर्दीत अर्ध्या लोकांच्या तोंडी दुपारचा सामना होता. पहिला पेला संपल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "आण्णा, ते पोरगं माझा भाचा."

आण्णा हसले नाहीत, चपापलेही नाहीत. पेला खाली ठेवून त्यांनी तीनच प्रश्न विचारले. शिक्षण कुठवर आलंय? हरल्यावर जेवतो का? आणि बापाची संमती हाय का?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं मला सांगता येईना. तिसऱ्यावर मी गप्प राहिलो.

मग ते स्वतःचं सांगू लागले. तरुणपणी एक सीझन त्यांनी पेठ बदलली होती. मित्राच्या शब्दाखातर गेले, चांगले खेळले, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध गोलही केला. "त्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला आमच्या दारात कुणी आलं न्हाई. आई दिवसभर पैसे हातात घेऊन उंबऱ्यावर बसली हुती." पुढच्या वर्षी ते परत आले. पन्नास वर्षं होत आली, पण सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"तुमच्या भाच्याचं उलट हाय," ते म्हणाले. "त्याच्यावर कुणी रुसणार न्हाई, कारण तो कुणाचाच न्हाई. चार पास चांगले दिले की खांद्यावर घेतील. चार चुकले की रात्री तालमीच्या खोलीत एकटा. तेव्हा त्याच्या खोलीचं दार वाजवणारं कोण हाय, तेवढं बघा. मानधनाचं नंतर बोला."

मग म्हणाले, "सही करायच्या आधी एकदा त्याला गॅलरीत आणून बसवा. बापालाबी आणा. हितलं सगळं बघू दे त्यास्नी. ह्या मैदानावर बाटल्याबी पडल्यात आणि फुलंबी पडल्यात. दोन्ही ठावं असावं."

रात्री घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. वर्गणीची गोष्ट ऐकून अज्जी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मेहुणे "हूं" म्हणाले. पण दोन आठवड्यांनी, एका रविवारी, आम्ही तिघं कोल्हापूरच्या गाडीत होतो.

त्या दिवशी सामना अटीतटीचा होता, गॅलरीत बसायला जागा नव्हती. आण्णांनी पायरीवर रुमाल टाकून तीन जागा धरल्या होत्या. भाचा त्यांच्या शेजारी बसला आणि पहिली दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मामा, त्यांचा डावा बॅक सारखा पुढं येतोय. त्याच्या मागं सगळं मोकळं आहे." आण्णांनी ऐकलं. ते म्हणाले, "दिसतंय ना? पण तिथं पळायला आपल्यात कोण हाय, सांग." पोरगं थोडा वेळ बघत राहिलं. "तो सतरा नंबर. तो दोनदा पळाला, त्याला कुणी चेंडू दिला नाही."

आण्णांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आणि मेहुणे? ते हाताची घडी घालून बसले होते. साठाव्या मिनिटाला त्या सतरा नंबरच्या पोराला उजवीकडं मोकळी वाट मिळाली आणि चेंडू भलतीकडंच गेला, तसे ते ताडकन उठून ओरडले, "अल्ली कोडो! अल्ली!" आजूबाजूचे दहाबारा जण वळून बघू लागले. माझ्या पोटात गोळा आला. रिक्षावाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मैदानाकडं तोंड करून ओरडला, "बघा रे! पाव्हण्यास्नीबी दिसतंय, तुमास्नी दिसंना!" गॅलरी हसली, मेहुणेही हसले.

संघ एका गोलनं हरला. आमच्या मागच्यांनी स्वतःच्याच पोरांना काय काय शिव्या दिल्या, ते भाच्यानं सगळं ऐकलं. बाहेर पडताना मी विचारलं, "काय वाटलं?" तो म्हणाला, "हरल्यावर जेवतो का, असं आण्णा विचारत होते. आज तर मी खेळलोही नाही, तरी भूक नाही." तरी आण्णांनी ऐकलं नाही. घरी नेलं, तांबडा-पांढरा रस्सा समोर ठेवला आणि पान रिकामं होईस्तोवर उठू दिलं नाही. आण्णांच्या सुनेनं मागच्या बाजूची एक खोली दाखवली. "तालमीत गर्दी असती. अभ्यासाला, झोपायला हितं आलं तरी चालंल," ती म्हणाली. हे कुणी मागितलं नव्हतं.

घरी पक्कं काहीच ठरलं नाही, असं म्हणायचं. ठरलं ते एवढंच, की आधी डिप्लोमाची परीक्षा, मग पावसाळा, आणि नोंदणीच्या वेळी उत्तर. सतरा नंबरचा पोरगा मात्र भाच्याशी मोबाईलवर बोलतो, हे मला बहिणीकडून कळलं.

त्या रात्री परतीच्या गाडीत भाचा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल आला. मेहुणे उठून पुढं गेले आणि कंडक्टरशी कानडीत काहीतरी बोलून परत आले.

"काय विचारलंत?" मी म्हणालो.

"काही नाही," ते म्हणाले. "रविवारी कोल्हापूरहून बेळगावला शेवटची गाडी किती वाजता असते, ते विचारलं."