खुर्ची उलटी करून बघा!

खुर्ची उलटी करून बघायची असते, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही! अठराव्या शतकातल्या इंग्लिश महॉगनीच्या जेवणाच्या खुर्च्यांचं मला नुकतंच वेड लागलंय, आणि घरचे माझ्यासमोर ‘बसा’ म्हणायलाही बिचकतात. पण ऐका तरी! सुटी बैठक उचलली की खालच्या चौकटीवर बऱ्याचदा पटाशीने कोरलेले रोमन आकडे दिसतात. तोच आकडा बैठकीच्या लाकडावरही. सेटमधली कुठली बैठक कुठल्या खुर्चीची, याची अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुताराने करून ठेवलेली खूण!

आणि ते लाकूड! 1721मध्ये ब्रिटनने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महॉगनी लंडनला येऊ लागली. पुढे क्यूबा, होंडुरासची. तिकडे ती तोडत होते गुलाम, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही. पण घट्ट, बळकट, कोरीव कामाला इतकी राजी, की पाठीची फळी रिबिनीसारखी गुंफली तरी मोडत नाही.

आता गंमत बघा. ‘चिपेंडेल खुर्ची’ म्हणून जी मिरवते, ती बहुतेक वेळा चिपेंडेलच्या कारखान्यातली नसतेच! यॉर्कशायरमधल्या ऑटलीच्या या थॉमस चिपेंडेलने 1754मध्ये नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि गावोगावच्या कारागिरांनी त्यावरून खुर्च्या केल्या. स्वतःच्या मालावर तो शिक्का मारत नसे. नॉस्टेल प्रायरीसारख्या हवेलीत जुनी बिलं जपलेली आहेत, म्हणून तिथलं त्याचं काम ओळखता येतं. त्याच शतकातल्या हेपलव्हाइट या दुसऱ्या फर्निचर-कारागिराचं तर आणखी अजब. ढालीच्या आकाराच्या पाठीशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलंय, पण त्याचं पुस्तक आलं 1788मध्ये, तो वारल्यावर दोन वर्षांनी, बायकोने काढलेलं. आणि खात्रीने त्याच्या हातची म्हणावी अशी एकही खुर्ची नाही!

म्हणून माझा जीव जडला तो लँकॅस्टरच्या गिलो कंपनीवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मालावर शिक्का मारायला सुरुवात केली. त्यांच्या अंदाजपत्रकांच्या वह्यांत खुर्चीचं चित्र, लाकडाचा खर्च, मजुरी आणि चक्क कारागिराचं नावही सापडतं. चिपेंडेलच्या नावावर खपणाऱ्या निनावी खुर्चीपेक्षा गिलोचा शिक्का असलेली साधी खुर्ची मी केव्हाही पसंत करीन.