मायलेजचं गणित, बर्फातलं

गेल्या जानेवारीत लेकीकडे जाऊन आलो. ती आणि जावईबापू अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, होटन गावी असतात. सुपीरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावरचं हे गाव. सरोवरावरचा वारा ओल घेऊन येतो आणि इथं बर्फ टाकतो. १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मीटर बर्फ पडला. ते दाखवणारी उंच मोजपट्टी हायवेलगत उभी आहे. आपल्या इंदुरातलं तीन मजली घर बुडावं एवढी!

इथं हिवाळ्यात स्नोमोबाईल धावतात. पुढे घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा. होटन आणि हँकॉक जोडणाऱ्या उचलत्या पुलाचा खालचा मजला हिवाळ्यात याच गाड्यांसाठी असतो. जावईबापूंनी नुकतीच एक जुनी घेतली होती. आधीचा मालक कोलोरॅडोच्या डोंगरात चालवायचा. तो म्हणाला होता, टाकी भरली की १९० किलोमीटर कुठं जात नाहीत. मग काय, आम्ही दोघं कॉपर हार्बरला निघालो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर.

वाटेत बर्फानं वाकलेली झाडं, तांब्याच्या बंद पडलेल्या खाणी, मधूनच दिसणारं सरोवर. पण माझे कान इंजिनाकडे होते. वेग बेताचा, आणि आवाज मात्र किंचाळल्यासारखा. बोलावंसं वाटलं, पण जावयाच्या नव्या गाडीला नावं कशाला ठेवा, म्हणून गप्प राहिलो. कॉपर हार्बरला पेट्रोल मिळत होतं. "पुरेल, बाबा," ते म्हणाले. तरीही मी गप्पच.

परतीला, गाव काही किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. टाकी कोरडी. अंधार पडत आलेला, पारा उणे १५, फोनला रेंज नाही. अर्ध्या तासानं मागून आलेल्या एका भल्या माणसानं डब्यातलं पेट्रोल दिलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. घरी लेक आणि ही दारातच उभ्या होत्या. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी मी मनातलं बोललो. रामबागेतल्या माझ्या गॅरेजात मी पीथमपूरच्या किनेटिक होंडा कितीतरी खोलल्या. गिअर नाही, दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट. इंजिनाकडच्या पुलीत रोलर. फेरे वाढले की रोलर बाहेर सरकतात, पुली दाबतात, बेल्ट वर चढतो, गाडी वेग घेते. रोलर हलके बसवले तर तेवढाच दाब यायला इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. मग ते ओरडतं आणि पेट्रोल पितं.

इथल्या मेकॅनिकनं क्लच खोलला, तर नेमकं तेच. फक्त रोलरच्या जागी बिजागरीवर फिरणारी वजनं. तीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद तीसेक टक्के कमी, म्हणून मालकानं हलकी वजनं बसवली होती. तिथं ती बरोबरच होती. पण होटन समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर. पेट्रोलचं माप इंजेक्शन आपोआप बदलतं. वजनं मात्र हातानंच बदलावी लागतात.

त्यानं पुस्तकातल्या उंचीच्या तक्त्याप्रमाणे जड वजनं बसवली, झिजलेला बेल्ट बदलला, पुल्या एका रेषेत आणल्या. "फार जड घातलीत तर इंजिन गुदमरतं, तेही वाईट," तो म्हणाला. पूर्ण थ्रॉटलला काटा पुस्तकातल्या आकड्यावर थांबेपर्यंत त्यानं दोनदा वजनं बदलली.

आठवड्यानं पुन्हा तीच वाट धरली. आधी लिटरला चार किलोमीटर मिळत होते, आता पाच. तरी कॉपर हार्बरला टाकी भरली. वाटेत जावईबापूंनी मागे वळून विचारलं, "आवाज कसा वाटतोय, बाबा?"

या वेळी मी लगेच सांगितलं.